नाव छापण्यापूर्वी

दक्षिणेतल्या एका ख्रिस्ती विद्यापीठात संज्ञापन आणि डिजिटल माध्यमे या विषयात एम.ए. करायला मी निघाले, तेव्हा आमच्या कसबा पेठेतल्या घरात दोन प्रश्न उभे राहिले. बाबांचा प्रश्न असा की, फर्ग्युसन रस्त्यावरचे रानडे इन्स्टिट्यूट घरापासून वीस मिनिटांवर असताना याच शिक्षणासाठी इतक्या लांब कशाला जायचे; त्याचे खरे उत्तर 'तिथे माझा नंबर लागला नाही' एवढेच होते आणि ते त्यांनाही ठाऊक होते. दुसरा प्रश्न आत्याचा होता. तो तिने मला न विचारता आईला, स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात विचारला : "तिथे हिला बाटवणार तर नाहीत ना?" आजीला तो ऐकू गेला. "चहा दिला तर पिऊ नकोस म्हणजे झालं," असे म्हणून ती स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसत बसली. मला तो विनोद तेव्हा कळला नाही.

त्या विद्यापीठाचे नाव मी इथे देत नाही. ते का दिले नाही याचा या लेखाच्या विषयाशी संबंध आहे आणि तो पुढे येईलच. बाटवण्याविषयी सांगायचे तर दोन वर्षांत कोणी माझ्या हातात बायबल ठेवले नाही. ठेवले ते कमी हजेरीचे इशारापत्र, तेही दोनदा. सकाळी तास सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे सगळ्यांनी शांत बसायचे असा नियम होता. प्रार्थनामंदिर आवारातच होते, तिथे जाणे ऐच्छिक होते आणि परीक्षेच्या आठवड्यात तिथे सर्व धर्मांची मुले दिसत.

पहिल्या सत्रात आम्हाला दोन गोष्टी शेजारी-शेजारी शिकवल्या गेल्या आणि त्या दोन वर्षे एकमेकींशी भांडत राहिल्या. पहिली म्हणजे अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅननने बेल लॅबोरेटरीज या टेलिफोन कंपनीच्या संशोधनसंस्थेत असताना १९४८ साली मांडलेला आराखडा : पाठवणारा, संदेश, वाहिनी, तिच्यातला गोंगाट आणि घेणारा. शॅननपुढचा प्रश्न तारेतून किती माहिती अचूक पलीकडे जाईल हा होता, संदेशाचा अर्थ काय हा त्याचा विषय नव्हता आणि तसे त्याने स्वच्छ लिहूनही ठेवले आहे. तरीही आज डिजिटल माध्यमांत जे जे मोजले जाते, म्हणजे किती जणांपर्यंत पोचले, किती सेकंद पाहिले, कोणत्या क्षणी बोटाने पुढे ढकलले, ते सारे 'पोचवणे' याच कल्पनेचे नातेवाईक आहे. दुसरी गोष्ट म्हणजे जेम्स कॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९७५ मध्ये मांडलेला विचार, की संदेश अंतर कापून पलीकडे नेणे ही संज्ञापनाची एक बाजू झाली. माणसांनी एकत्र येऊन एक सामाईक जग टिकवून धरणे ही त्याची दुसरी आणि अधिक जुनी बाजू. 'कम्युनिकेशन', 'कम्युनिटी' आणि 'कम्युनियन' हे शब्द एकाच कुळातले आहेत, हे तो दाखवतो. यातला शेवटचा शब्द म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, आणि तो आमच्या वर्गापासून शंभर पावलांवर रोज सकाळी होत असे; त्यामुळे तिथे कॅरी समजावून सांगायला खडू कमी लागत असावा. मराठीत 'संज्ञापन' हा शब्द आपण विद्यापीठीय सोयीसाठी पत्करला आहे, बोलण्यात तो कोणी वापरत नाही. 'संवाद' या साध्या शब्दात मात्र 'सम्', म्हणजे 'एकत्र', आधीपासून बसलेला आहे.

चर्च आणि माध्यमे यांचा संबंध केवळ प्रचारापुरता असेल अशी माझी समजूत होती; ती तिथे बदलली. व्हॅटिकनने १९३१ साली स्वतःचे रेडिओ केंद्र उभारले ते रेडिओचा संशोधक मार्कोनी याच्याकडून, प्रत्यक्ष. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी माध्यमांविषयी स्वतंत्र आदेशपत्र काढले आणि त्यानुसार १९६७ पासून दरवर्षी जागतिक संज्ञापन दिन पाळला जातो. टीव्हीला सुद्धा संत आहेत. आजारपणामुळे प्रार्थनेला जाऊ न शकलेल्या संत क्लेअर यांना ती आपल्या खोलीच्या भिंतीवर दिसली, अशी आख्यायिका असल्यामुळे १९५८ मध्ये त्यांची टीव्हीच्या संत म्हणून नेमणूक झाली. पत्रकारांचे संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे प्रवचन ऐकायला लोक येईनात, तेव्हा ते पत्रके लिहून लोकांच्या दारांखालून आत सरकवत. (पुण्यात असते तर त्यांना दारावर त्याविषयीची पाटी दिसली असती.)

हे सगळे मनोरंजक होते, पण मी तिथे जे शिकले ते या तासांना नव्हे.

ध्वनिमुद्रण शिकवायला एक सिस्टर होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला हेडफोन लावून रिकाम्या खोलीत बसवले आणि रेकॉर्डर सुरू करून तीस सेकंद कोणीही हलू नये असे सांगितले. याला रूम टोन म्हणतात. मुलाखतीतला खोकला किंवा अडखळणे कापले की तिथे एक भोक पडते. त्या भोकात संपूर्ण शांतता भरली तर ऐकणाऱ्याच्या कानाला ते लगेच खटकते, म्हणून त्याच खोलीचा 'काही नसलेला' आवाज तिथे भरावा लागतो. कोणत्याही मुलाखतीच्या आधी किंवा नंतर हा तुकडा घ्यायलाच हवा, ही त्यांची शिस्त होती. आम्ही तो टाळत असू, कारण समोरच्या माणसाला 'आता अर्धा मिनिट गप्प बसा' असे सांगायला संकोच वाटतो. सिस्टर म्हणत, ज्याच्यासमोर तुम्हाला अर्धा मिनिट गप्प बसवत नाही त्याची मुलाखत घेण्याइतकी तुमची ओळख अजून झालेली नाही.

दुसऱ्या सत्रात मोबाइलवर छोटे व्हिडिओ करण्याचा एक गृहपाठ होता. आमच्या मेसमध्ये डोशाच्या तव्यावर उत्तरेतल्या एका राज्यातून आलेला एक तिशीतला माणूस उभा असे. तव्यावर पाण्याचा हबका मारायचा, चर्र आवाज झाला की अर्ध्या कापलेल्या कांद्याने तवा पुसायचा, पळीने पीठ ओतून आतून बाहेर गोल फिरवायचे, आणि हे सारे चालू असताना जुनी हिंदी गाणी गायची, असा त्याचा संध्याकाळचा क्रम होता. पळीचे गोल आणि गाण्याचा ठेका जुळलेले असत. मी त्याचा त्रेचाळीस सेकंदांचा उभा व्हिडिओ केला. त्याला विचारले होते का? 'भैया, व्हिडिओ काढू?' एवढे विचारले होते आणि त्याने हसून मान हलवली होती. मग मी खाली त्याचे नाव टाकले, मेसचे ठिकाण टाकले आणि 'आमचा किशोर कुमार' अशी एक ओळ लिहिली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो साठ हजारांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. टिकावाचा आलेख, म्हणजे पाहणाऱ्यांपैकी किती जण कोणत्या सेकंदापर्यंत थांबले हे दाखवणारी रेघ, शेवटपर्यंत जवळजवळ आडवी होती, आणि वर्गात ती पडद्यावर लावून दाखवली गेली तेव्हा मला फार बरे वाटले.

चार दिवसांनी तो गायचा थांबला. त्याने घरी आपण एका ऑफिसात कामाला आहोत असे सांगितले होते. बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू होती, आणि मुलाकडच्या कोणाच्या तरी फोनवर तो व्हिडिओ गेला. लग्न मोडले वगैरे काही झाले नाही; तसे झाले असते तर माझ्या अपराधाला निदान एक आकार आला असता. झाले एवढेच की, त्याला घरी खरे सांगावे लागले आणि कधी सांगायचे हे ठरवण्याचा त्याचा हक्क मी त्रेचाळीस सेकंदांत संपवला.

व्हिडिओ मी मिनिटभरात काढून टाकला. त्याच्या प्रती तोवर इतरांच्या खात्यांवर गेल्या होत्या, एकाने तर त्यावर हसण्याचा आवाजही चढवला होता, आणि त्या सगळ्यांवर नाव मी दिलेलेच होते. मग मी दिलगिरीचा व्हिडिओ करायचे ठरवले. सिस्टरांनी तो करू दिला नाही. "त्यालाही प्रेक्षकच लागतात," एवढेच त्या म्हणाल्या, आणि मला स्वयंपाकघरात त्याच्याकडे पाठवले. मी तिथे तासभर कांदे सोलत बसले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग पिठात पाणी घालता घालता म्हणाला, "गाना डाल दिया, कोई बात नहीं, दीदी. नाम काहे डाला?" मला उत्तर देता आले नाही. खरे कारण असे होते की, नावामुळे व्हिडिओ खरा वाटतो, हे मी आधीच्याच आठवड्यात शिकले होते.

त्यानंतर सिस्टरांनी सगळ्या वर्गासाठी संमतीपत्राचा एक कागद केला. संस्थांची संमतीपत्रे असतात तसा तो नव्हता. त्यात चार साधे प्रश्न होते आणि ते मोठ्याने वाचून, समोरच्याच्या भाषेत विचारायचे होते. तिसरा प्रश्न असा होता : 'नाव द्यायचे का? द्यायचे असेल तर कोणते?'

माध्यमनीती शिकवणारे फादर केरळचे होते. त्यांचा विषय ऐकायला रुक्ष, पण नाव आणि मौन यांवर ते एकदा बोलायला लागले की घंटा होऊनही कोणी उठत नसे. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूने कोणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगायचे नाही, हा चर्चचा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. पत्रकाराने आपल्याला माहिती देणाऱ्याचे नाव फोडायचे नाही ही प्रथा त्याच्या जवळची वाटते, पण भारतात तिला न्यायालयापुढे कायद्याचे कवच नाही. प्रेस कौन्सिलच्या १९७८ च्या कायद्यात जी सवलत आहे ती कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतीच. उलट काही नावे छापणे हाच गुन्हा आहे : बलात्कारपीडितेची ओळख उघड करण्याला पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २२८-अ लागू होते, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ लागू होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरच्या एका नोंदीवरून आपल्या पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली, त्यातून आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी रद्द झाले. हे सांगताना फादरांनी त्या दोघींची नावे घेतली नाहीत. कोणीतरी नावे सांगायला लागले, तेव्हा ते म्हणाले, "खटला तुम्हाला नावांशिवाय समजला ना? मग राहू द्या."

त्यांच्याच तासाला आम्ही एकमेकांचे फोटो तपासले. फोनमधला फोटो आपल्या पोटात काढल्याची वेळ, फोनचे मॉडेल आणि जागेची माहिती चालू असेल तर अक्षांश-रेखांशही बाळगतो. व्हॉट्सअॅपवर तो नेहमीसारखा पाठवला तर ही माहिती गळून पडते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच पलीकडे जाते. एका मैत्रिणीने भाड्याच्या खोलीच्या खिडकीतल्या कुंडीचा फोटो दिला होता. दहा मिनिटांत वर्गातल्या एका मुलाने तिची इमारत नकाशावर दाखवली. तिने त्याच संध्याकाळी फोनचे ते सेटिंग बंद केले, आणि आम्हीही.

आता तक्रारीचे. दुसऱ्या वर्षी आम्ही तिघींनी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेसाठी वसतिगृहाच्या शुल्कवाढीवर एक लेख तयार केला. पावत्या ताडून पाहिल्या, प्रशासनाला त्यांची बाजू लेखी विचारली, ज्या मुलींनी माहिती दिली त्यांची नावे बदलली. म्हणजे जे जे आम्हाला शिकवले होते ते सारे केले. पत्रिकेच्या समितीने लेख थांबवला. कारण दिले ते एका ओळीचे : संस्थेच्या नावाला बाधा येईल. समितीत माध्यमनीतीचे फादरही होते. बैठकीत ते काहीच बोलले नाहीत आणि नंतर जिन्यात मला गाठून म्हणाले की, लेख चांगला होता. त्या जिन्यातल्या प्रमाणपत्राचा मला बैठकीतल्या नकारापेक्षा अधिक राग आला आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही. डोसे करणाऱ्या माणसाच्या नावाची किंमत ज्या संस्थेने मला शिकवली, तिलाही सर्वांत जास्त जपायचे होते ते स्वतःचेच नाव. त्या विद्यापीठाचे नाव इथे घेतले असते तर हा लेख तक्रारअर्ज झाला असता, आणि हा परिच्छेद गाळून नाव घेतले असते तर माहितीपत्रक.

प्रबंधाचा विषय मात्र मला त्याच फादरांनी सुचवला, हेही नोंदवले पाहिजे. त्यांनी विचारले, "तुमच्या भाषेत मिशनऱ्यांनी काढलेले वृत्तपत्र कोणते?" बाळशास्त्री जांभेकर आणि ६ जानेवारी १८३२ चे 'दर्पण' एवढे मला शाळेपासून पाठ होते, पण त्याचा मिशनशी संबंध नव्हता. त्यांनी फळ्यावर रोमन लिपीत 'ज्ञानोदय' लिहिले. अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरहून सुरू केलेले हे पत्र मला एका मल्याळी माणसाकडून, परक्या शहरात, कळावे याची थोडी लाज वाटली. मग मी सुट्टीत पुण्याला येऊन वाचायला बसले, आणि १८५५ सालच्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत दोन भागांत आलेल्या मुक्ता साळवे हिच्या निबंधापाशी थांबले. मुक्ता पुण्यातली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली, वयाने साधारण चौदा वर्षांची. मांग-महारांचे दुःख तिने लिहिले आहे, आणि ज्यांना धर्मग्रंथाकडे पाहण्याचाही अधिकार नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असे तिने देवालाच विचारले आहे. मिशनच्या पत्राला हा प्रश्न छापण्यात स्वतःचा लाभ दिसत असणार, हे उघड आहे. तरीही पुण्यातल्या त्या मुलीचे म्हणणे छापले ते त्याच पत्राने, आणि आज ती आपल्याला एक 'विद्यार्थिनी' म्हणून माहीत नाही, मुक्ता म्हणून माहीत आहे, ती त्यामुळेच.

त्याच वाचनात दुसरे एक छापलेले प्रकरण समोर आले आणि आजीचा विनोद दोन वर्षांनी उलगडला. १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी गेली होती. तिथे चहा आला. काहींनी घेतला, काहींनी पेला नुसता पुढे घेतला. यजमानांशी संधान असलेले गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा घेतल्याबद्दल शहरात ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचा वाद, माजले. यादीत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि शेवटी प्रायश्चित्तावर आले. बातमी खोटी नव्हती. माणसे गेली होती, चहाही आला होता. पण कोणी प्यायला आणि कोणी नाही हा फरक यादीत मावला नाही, आणि खाली नावे होती म्हणून ती खरी वाटली. माझ्या त्रेचाळीस सेकंदांच्या व्हिडिओची रचना याहून फार वेगळी नव्हती. गोपाळरावांनी ते जाणूनबुजून केले, मी आलेख आडवा राहावा म्हणून केले.

प्रबंधासाठी मला गुरुवार पेठेतल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या होत्या. पंचहौदच्या देवळाचे उंच दगडी घंटाघर लहानपणापासून बसमधून पाहिलेले होते, पण त्याच्या आसपासच्या कोणत्याही घराचा उंबरा मी कधी ओलांडला नव्हता; आमच्या घरापासून तो चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. पहिली मुलाखत ऐंशी ओलांडलेल्या एका आजींची होती. भिंतीवर येशूची तसबीर, तिच्याखाली शिवणयंत्र, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. मी कागद काढून चार प्रश्न मराठीत वाचायला लागले. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी मला थांबवले.

"नाव द्या की, बाळ. पण माहेरचं लावा. सासरचं रेशन कार्डावर आहे, विजेच्या बिलावर आहे. माहेरचं लग्नानंतर कोणी लिहिलेलंच नाही."

मी कागदावर आधी लिहिलेले नाव खोडले आणि त्यांनी सांगितले ते, त्यांना अक्षर अन् अक्षर विचारून, वर लिहिले. मग रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि म्हटले की, सुरू करण्याआधी आपण तीस सेकंद गप्प बसू या, मला या खोलीचा आवाज हवा आहे. त्यांना ते अजिबात पटले नाही. "गप्प कशाला बसायचं? आधी चहा होऊ दे," असे म्हणून त्या आत गेल्या, आणि रूम टोनमध्ये स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला. बशीत दोन बिस्किटेही होती. मी चहा घेतला, बिस्किटे खाल्ली, आणि संध्याकाळी घरी जाऊन आजीला तसे सांगितले.